जे ट्रक तू चालवले नाहीस

दिलीपभाऊ,

परवा तुझी तेरवी झाली. वाडीतले झाडून सगळे ड्रायव्हर आले होते, गाड्या नाक्यावर उभ्या करून. पंगतीत एक म्हातारा ड्रायव्हर मोठ्यानं म्हणाला, "दिलीपनं वाडीचं नाव काढलं गा. युरोपात ट्रक चालवला आपल्या माणसानं." सगळ्यांनी माना हलवल्या. मंगलावहिनी वाढत होती. तिनं वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. मी भाजीचं भांडं उचललं आणि आत निघून गेले.

तू युरोपात ट्रक चालवला नाहीस. एक किलोमीटरसुद्धा नाही. हे वहिनीला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि तिकडे पोलंडात राहिलेल्या राजूला ठाऊक आहे. वहिनीनं मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. काल मी तिचं ऐकलं नाही. काय झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण इज्जत तुझी होती, आणि ती मी तुला न विचारता चारचौघांत मांडली.

पण कालचं सांगायच्या आधी मला मागचं बोलू दे. तू असताना हे बोलणं झालंच नाही.

बाबा नागपूरजवळच्या आपल्या वाडीत गोदामाचे चौकीदार, आपण दोघं रिकाम्या बारदानाच्या थप्प्यांवर खेळून मोठे झालो. नववीनंतर तू शाळा सोडलीस आणि ट्रकवर क्लीनर म्हणून लागलास. मी शिकत राहिले. घरात कोणी तसं म्हणालं नाही, पण एकानं सोडली म्हणून दुसरीची चालली, एवढं मला तेव्हाही कळत होतं. बारावीच्या एका पेपराला मला उशीर झाला, तेव्हा तू भरलेला ट्रक नो-एन्ट्रीत घातलास आणि मला परीक्षा केंद्राच्या दारात उतरवलंस. पोलिसानं अडवलं तर त्यालाच म्हणालास, "साहेब, बहिणीचा पेपर हाय, मले मंग पकडा." मुली हसल्या. उंच केबिनमधून उतरताना माझी ओढणी दाराच्या कडीत अडकली होती. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पंचवीस वर्षं झाली त्याला. तुला कधी 'चुकलं' म्हणाले नाही.

ट्रान्सपोर्ट ऑफिसात मला नोकरीही तूच लावून दिलीस. शेठसमोर माझी वही ठेवलीस आणि म्हणालास, "हिचं अक्षर पाहा." तेव्हापासून मी बुकिंगच्या टेबलावर बसून बिल्ट्या लिहिते आहे. कुठला माल, किती नग, कुठून कुठे. तू तेवीस वर्षं नागपूर-हैदराबाद केलंस, गाडीला ओरखडा नाही. हैदराबादहून आलास की आधी माझ्या टेबलाशी येऊन भरलेल्या मालाबद्दल बोलायचास. लाल मिरची असली तर नागपूर येईपर्यंत डोळे कसे चुरचुरले, काचा असल्या तर प्रत्येक गतिरोधकावरून गाडी कशी हळूहळू उतरवली. लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे नेलेस तेव्हा म्हणाला होतास, "एवढ्या लोकायची लग्नं माह्या पाठीमागं हायेत वं, ब्रेक कसा मारू!" मला वाटायचं सगळेच ड्रायव्हर असं बोलतात. मग कळलं, बाकीचे फक्त सही करून जातात.

आणि मग शेठनं केबिनमध्ये तो कॅमेरा लावला. रस्त्याकडे एक आणि तुझ्या तोंडाकडे एक. तू जांभई दिलीस की ऑफिसात घंटी वाजायची. एकदा तू नुसते डोळे चोळलेस तर आमच्या ऑफिसातल्या मुलानं तुला फोन करून झापलं. त्या दिवशी तू परत आलास आणि मालाबद्दल एक शब्द बोलला नाहीस.

वाडी नाक्यावर तो बॅनर लागला, तो नेमका त्याच दिवसांत. निळा ट्रक, मागे बर्फाचे डोंगर. 'युरोपात ट्रक ड्रायव्हर व्हा! भारतीय हेवी लायसन्स चालेल. इंग्रजीची अट नाही. राहणं मोफत. दोन वर्षांत कुटुंब सोबत.' तू मला फोटो काढून पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'खरं असन काय?' मी उत्तर दिलं नाही. महिना संपत आला होता, कामात होते.

रविवारी सकाळी प्रताप नगरच्या एका हॉलमध्ये त्यांची सभा होती. तुला एकट्याला जायचा संकोच, म्हणून मला घेऊन गेलास. पांढरा शर्ट घातला होतास, इस्त्रीचा. त्या एजंटानं पडद्यावर फिल्म दाखवली. केबिनमध्ये बिछाना, छोटा फ्रिज, ड्रायव्हर हातात कॉफी घेऊन सूर्योदय बघतोय. तू खुर्चीत पुढे सरकून बघत होतास. माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "ड्रायव्हरले तिथं पायलटसारखा मान हाय वं." शेवटी त्यानं विचारलं, कोणाला काही शंका? तू हात वर केलास.

"साहेब, तिथं क्लीनर नसते काय?"

हॉल हसला. एजंटही हसला. "दादा, तिथं क्लीनर लागतच नाही. गाडी मशीन धुते."

कागद आले तेव्हा तू ते माझ्याकडे दिलेस. चार पानं इंग्रजीत होती. मी शब्दकोश घेऊन बसले. ड्रायव्हर हा शब्द त्यात कुठेच नव्हता. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं 'जनरल वर्कर'. मी एजंटाला फोन लावला. तो फार गोड बोलला. "मॅडम, ती व्हिसाची कॅटेगरी असते. तिथं उतरल्यावर पंधरा दिवसांत बदलते. सगळ्यांचं असंच होतं."

त्या संध्याकाळी तुझ्या घरी आपलं भांडण झालं. वहिनी पोळ्या लाटत होती.

"भाऊ, ड्रायव्हर म्हणून लिहिलंच नाई ना ह्याच्यात."

"तू बिल्ट्या लिहितं ना? बिल्टीवर किराणा लिहिते अन् आतमंधी काय काय रायते. कागद येगळा, काम येगळं."

"म्हणूनच तं म्हणून राहिली मी."

"कल्पना, मी सत्तेचाळीसचा हाव. आता नाई गेलो तं कवा जाऊ? त्या कॅमेऱ्यापुढं जांभया दाबत मरू काय?"

मग तू आवाज खाली आणलास आणि म्हणालास, "तुले वाटते मी जाऊ नये?"

मला 'हो' म्हणायचं होतं. पण तुझ्या मांडीवर तो बॅनरचा कागदी नमुना होता, एजंटानं दिलेला, आणि तू तो गुळगुळीत कागद तळव्यानं सरळ करत होतास. मी म्हणाले, "तुझं तू पाह्य." आणि साक्षीदार म्हणून सही केली. माझं चांगलं अक्षर तिथेही कामी आलं.

पोळा झाल्यावर चार दिवसांनी तू गेलास. स्वतःची मोटारसायकल विकून आणि वहिनीच्या बांगड्या मोडून गेलास, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

सुरुवातीचे पंधरा दिवस तुझा फोन नव्हता. मग फोटो यायला लागले. लाल ट्रक, पांढरा ट्रक, एक तर सोळा चाकी. तू दाराच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा, अंगात जाड निळं जॅकेट. फोन यायचा तो दुपारी दोनच्या सुमारास, मी डबा उघडत असताना. मी विचारायची, आज कुठे? तू म्हणायचास, जर्मनीले. मी विचारायची, काय भरलं? तू म्हणायचास, "सामान."

भाऊ, मला तिथेच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. ज्या माणसानं तेवीस वर्षं मला मिरची, काचा आणि पत्रिकांबद्दल सांगितलं, तो 'सामान' म्हणत होता. आणि ज्या ड्रायव्हरला नवा रस्ता मिळाला, तो आधी रस्ता दाखवतो. आमच्या ऑफिसातली पोरं साधी समृद्धी महामार्गावरून गेली तरी व्हिडिओ पाठवतात. तू एकदाही रस्ता पाठवला नाहीस. तुझे सगळे ट्रक उभे होते.

मी विचारलं नाही. वहिनीला वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. पण ऑफिसात मला 'युरोपवाल्याची बहीण' म्हणायला लागले होते, शेठ मला खुर्ची देऊन बोलायला लागला होता, आणि मला ते आवडत होतं. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते.

म्हणूनच तो एजंट पेढे घेऊन ऑफिसात आला आणि तुझा एखादा फोटो मागितला, तेव्हा मी तुला न विचारता दिला. सगळ्यात चांगला शोधून दिला, लाल ट्रकवाला. आठ दिवसांत तो नाक्यावर लागला. 'आपल्या वाडीचे दिलीपभाऊ, आज युरोपात!' वहिनीनं रिक्षा थांबवून तो पाहिला आणि रडली.

राजूनंही पाहिला. तुझा क्लीनर राजू, तुझ्याच हाताखाली ड्रायव्हर झालेला, आता दोन मुलींचा बाप. तो मला म्हणाला, "उस्ताद गेला तं मी काहून नाई?" त्याच एजंटाकडे गेला, त्याच कंपनीत जागा मिळाली. तुला अचानक समोर उभं राहून चकित करायचं म्हणून त्यानं मला शपथ घातली. मी हसून पाळली.

दिवाळीनंतर दीड महिन्यानं तो तिथे पोचला. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तो सकाळीच, ऑफिस उघडताना.

"राजू इथं कसा आला?"

"काहून, तुले आनंद नाई झाला?"

"माहा फोटो त्या एजंटले कोणं देला?"

"मी देला."

मग म्हणालास, "तुले अक्कल नाई काय वं?"

एवढ्या वर्षांत तू माझ्याशी असं बोलला नव्हतास. मीही चिडले. "मंग तू कायले धाडले फोटो? सारं चांगलं हाय असं तूच तं सांगत होता!"

तू फोन ठेवलास. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. राजूनं त्याच्या बाजूनं दिलं, पण ते तुझं नव्हतं.

अकरा दिवसांनी पुन्हा फोन केलास. मी म्हणाले, "बोल." तू म्हणालास, "जेवली काय?" "जेवून राहिली." "काय केलं?" "वांग्याचं भरीत." "हिरव्या मिरचीचं?" "हो." मग आपण दोघांनीही फोन ठेवला नाही. तुझ्या मागे कुठेतरी जोरानं पाणी पडत होतं. मी विचारलं, पाऊस हाय काय? तू म्हणालास, हो.

तो आपला शेवटचा फोन.

जानेवारीत एका दुपारी राजूचा फोन आला, आणि तू पडलास एवढंच मला कळलं. तीन दिवस तिथल्या दवाखान्यात होतास. मग एकोणीस दिवस तुला परत आणायच्या कागदांची वाट. वहिनी रोज सकाळी अंघोळ करून तयार व्हायची, आज येतील म्हणून. नागपूरच्या विमानतळावर मालाच्या गेटाशी मला एक फॉर्म दिला, आणि मी तो भरला. वजनाच्या रकान्यात आकडा त्यांनी आधीच टाकला होता. तिथल्या माणसानं हळू आवाजात विचारलं, "कोण लागत होते?" मी म्हणाले, भाऊ. त्यानं माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसले नाही.

तुझ्याबरोबर एक बॅगही आली. त्यात ते निळं जॅकेट नव्हतं. दोन स्वेटर, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि एक शाळेची असते तशी वही. वहीत तुझ्या हातानं तिथल्या भाषेतले शब्द देवनागरीत लिहिलेले, समोर मराठी अर्थ. 'चढ'. 'घसरडा रस्ता'. 'अरुंद पूल'. 'थांबा'. बावीस पानं. मला काही उमगलं नाही, म्हणून मी राजूला फोन लावला आणि म्हणाले, "मले खरं सांग."

तो आधी रडला. मग सांगितलं.

"ताई, आपलं लायसन्स इथं चालतच नाई. इथल्या भाषेत परीक्षा द्या लागते. कंपनी म्हणे, आधी धुलाईत काम करा, मंग आम्ही बसवतो परीक्षेले. उस्तादले एकदाबी नाई बसवलं. तरी तो वही घेऊन बसे."

"अन् फोटो?"

"धुतलेली गाडी न्याले ड्रायव्हर येत. ते कॉफी प्याले आत गेले का उस्ताद एकाचं जॅकेट मागून घाले अन् उभा राहे. दोन मिनिटं."

तो आला तो दिवसही त्यानं सांगितला. "मी गेटातून आत आलो तं उस्ताद रबरी बूट घालून, हातात पाण्याचा पाइप. त्यानं मले पाह्यलं. पाणी बंद नाई केलं, ताई. चाक धूतच राहिला. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाई. लय शिव्या देल्या मनात. मंग एक दिवस कामावरून आलो तं माही गादी त्याच्या पलंगावर होती, हीटरजवळ. तो दाराजवळ निजला होता."

पडलास त्या दिवशी सकाळीच तुला चक्कर येत होती. सुपरवायझरनं खुणेनं सांगितलं, ही रांग संपव. तू संपवलीस. शेवटच्या ट्रकच्या मागच्या चाकाशी पडलास.

मी राजूला म्हणाले, तू परत ये. तो म्हणाला, "कसा येऊ? मी बी फोटो टाकले ना, ताई. पोरी शाळेत दाखवतात."

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. मला वाटलं ती कोसळेल. तिनं डाळ निवडणं थांबवलं नाही.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "नवऱ्याचा आवाज बायकोले नाई समजत काय?"

"मंग बोलली काहून नाई, वहिनी?"

"अन् बोलून काय करू? त्यायले खाली पाहाले लावू?" मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, "हे पाहा, कल्पनाताई. लोक म्हणतात युरोपात गाडी चालवली. म्हणू द्या. ते गेले, आता त्यायची इज्जत कायले घेता?"

"आणखी तिघं जाऊन राहिले वाडीतून. त्याच एजंटाकडून."

"तुमच्या भावाले कोणं थांबवलं होतं?"

ती हे रागानं म्हणाली नाही. ती चुकत नव्हती, भाऊ, आणि मीही चुकत नव्हते. तू असतास तर दोघींना गप्प करून चहा मांडायला लावला असतास.

काल ऑफिस सुटल्यावर मी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले. ते तिघं तिथेच होते. शंकर टँकरवाला, आणि त्याच्यासोबतचे दोघं. तुझा बॅनर तू गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात उतरवला होता. तिथे आता दुसऱ्या कोणाचा फोटो आहे, दुसऱ्या गावचा.

मी उभ्यानंच सांगितलं सगळं. 'जनरल वर्कर' सांगितलं, पाइप सांगितला, मागून घातलेलं जॅकेट सांगितलं. तुझा फोटो एजंटाला मी दिला, तेही सांगितलं. माझा आवाज वाढत गेला असावा, कारण टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला. तुझं नाव घेऊन 'धुलाई' हा शब्द म्हणताना मला वाटलं, मी तुला पुन्हा एकदा हातात तो पाइप देऊन उभं करते आहे, सगळ्या वाडीसमोर.

त्यातला एक जण उठला. "मेलेल्या भावाबद्दल असं बोलून राहिली बाई," म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. दुसरा मोबाइलमध्ये बघत राहिला. शंकर मात्र ऐकत होता. चाळिशीचा आहे तो, दोन्ही डोळ्यांखाली टँकरवाल्यांसारखी काळी वर्तुळं. तो बराच वेळ कप फिरवत होता.

"ताई, मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "एवढं चांगलं कुठी असते?"

"मंग जाऊ नको ना, शंकरभाऊ."

"इथं काय हाय? टँकरवर मी दोन दोन दिवस गाडीतच निजतो. तिथंबी धुईन गाड्या. पोरगी म्हणन तरी, बाप युरोपात हाय."

मी म्हणाले, "माझा भाऊ मेला तिथं."

"हो," तो म्हणाला. अगदी मऊपणे म्हणाला. त्यात ऐकून न ऐकल्यासारखं काही नव्हतं. त्याला पूर्ण समजलं होतं. मी आले होते ती ह्याच भरवशावर, की समजलं की माणूस थांबतो. माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत. निघताना तो मागून आला आणि जरा घुटमळला.

"ताई, एक इचारू? थंडीत पाण्याचं काम म्हणता... हातमोजे इथून न्यावं लागते, का कंपनी देते?"

मला ते माहीत नव्हतं. मी राजूला विचारते म्हणाले.

आज सकाळी राजूचं उत्तर आलं. 'इथले लवकर फाटतात. आतून लोकरीचे, वरून रबराचे, दोन जोड घेऊन येजो म्हणा.'

भाऊ, मी ते शंकरला कळवलं.

— कल्पना